चार फिल्टर आणि एक स्वच्छ घर

३ मार्च, सकाळी
पत्नीच्या निधनानंतर मी खचलो आहे, असा माझ्या कन्येचा गैरसमज झालेला आहे. आज तिने दूरध्वनीवर अट घातली. सर्व खोल्यांचे चित्रीकरण करून पाठवावे. घर नीट दिसले, तर मी येथे एकटा राहण्यास मोकळा. अन्यथा ती आणि जावई येऊन मला त्यांच्या गावी नेणार, आणि घराला कुलूप. अट तत्काळ मान्य केली. कपाटात कॅमकॉर्डर पडून आहे. फोटोग्राफीचा छंद मी आयुष्यभर जोपासला. हा प्रकार त्याहून कठीण असण्याचे कारण दिसत नाही.
संकल्प : उद्यापासून साफसफाई.

४ मार्च
झाडू सापडला नाही. ही तो कोठे ठेवत असे, हे कधी विचारलेच नव्हते. नवीन आणणे सयुक्तिक ठरणार नाही, कारण जुना घरातच आहे.
दुपारी पडल्या पडल्या लक्षात आले की स्वच्छता हा मुळात वस्तूंचा गुण नसून प्रकाशाचा गुण आहे. प्रकाशावर लेन्सच्या तोंडाशीच नियंत्रण ठेवता येते. त्यासाठीच फिल्टर असतात. झोप छान लागली.

५ मार्च
कॅमेऱ्याच्या दुकानात जाऊन आलो. चार फिल्टर घेतले. चित्र धूसर करणारा सॉफ्ट, दिव्यांना किरण फोडणारा स्टार, गॉगलसारखा काळपट एनडी आणि काचेवरची चमक काढून टाकणारा पोलरायझर. कॅमकॉर्डरची लेन्स चिमुकली, फिल्टर मोठे. त्यामुळे मध्ये एक रिंगही घ्यावी लागली. कशाचे शूटिंग आहे, असे दुकानदाराने विचारले. घराचे, म्हणालो. घर विकायला काढलंय का काका, असे त्याने पुढे विचारले. मी विषय बदलला. एका वेळी एकच फिल्टर लावा, असेही तो म्हणाला. चारही विकून झाल्यावर म्हणाला, याची मी नोंद घेतली आहे.

७ मार्च
चाचणी. निकाल अत्यंत आशादायक.
सॉफ्ट लावताच सोफ्यावरची धूळ ही धूळ न राहता वातावरण झाली. पुढे चारही फिल्टर एकावर एक चढवून पाहिले, तर चित्राचे चारही कोपरे काळे पडले. पुस्तकांत याला दोष म्हटले आहे. परंतु माझ्या घरातील सर्व जाळी कोपऱ्यांतच आहेत.
संध्याकाळी फिल्टर एकमेकांत घट्ट बसले ते सुटेनात. हिचे भांडी घासण्याचे रबरी हातमोजे घालून पिळले, तेव्हा सुटले. हातमोज्यांचा अन्य उपयोग तूर्त नाही.

९ मार्च
समोरच्या दारातील निवृत्त शिक्षिकाबाईंनी जिन्यात गाठले. घरी पाहुणे आलेत का, दिवसभर बोलण्याचा आवाज येतो, अशी त्यांनी चौकशी केली. मी त्यांना सौम्य शब्दांत कळवले की मी चित्रीकरणाची तालीम करत असून ती पूर्ण शांततेत चालते. बाईंचे वय झाले. कान तपासून घ्या, असे सुचवले. त्यांना ते आवडलेले दिसले नाही.

११ मार्च
मुख्य चित्रीकरण पार पडले.
दिवाणखाना : चारही फिल्टर, पडदे सताड उघडे. कोळ्यांचा मागमूस नाही.
जेवणाची खोली : न घासलेली सर्व भांडी काचेच्या कपाटात रचून दार लोटले. समोरच खिडकी असल्याने काचेवर अशी चमक येते की आतले काहीही दिसत नाही. दर्जा उंचावण्यासाठी येथे पोलरायझर लावला आणि काच छान निवळेपर्यंत फिरवला.
स्वयंपाकघर : स्टार. गॅसच्या ज्योतींना सुरेख किरण फुटले. दूध उतू गेले, परंतु मी कॅमेरा तसूभरही हलू दिला नाही. ही असती तर माझ्या या एकाग्रतेवर काहीतरी बोललीच असती.
शयनगृह : एनडी. पलंगाची माझी बाजू बघवत नव्हती. हिच्या बाजूची चादर अजून तशीच ताठ आहे. तेवढा भाग फिल्टर काढून घेतला.
रात्री सर्व चित्रण छोट्या पडद्यावर पाहिले. आवाज बंदच ठेवला होता. घर काही बोलत नाही.

१२ मार्च
मेमरी कार्ड कुरिअरने रवाना. शिक्षिकाबाईंना पुढील वर्षीही मी येथेच असेन, असे सहज बोलता बोलता सांगितले.

१६ मार्च, दुपारी
कन्येचा फोन.
आरंभ काचेच्या कपाटापासून झाला. पोलरायझरने काचेवरची चमक इतकी चोख काढली की आतली कढई, तीत उभा डाव आणि करपलेले पातेले ही दुकानात मांडल्यासारखी दिसत आहेत. दिवाणखान्यात एवढा धूर कसला, काही पेटले होते का, असे जावई विचारत होते. शयनगृहात वीज नव्हती का, असे ती स्वतः विचारत होती. मी प्रत्येक फिल्टरचे कार्य क्रमाने समजावून सांगितले. तिने मध्ये एकदाही तोडले नाही. मला वाटले, पटते आहे.
मग ती म्हणाली, "बाबा, दूध वर आलं तेव्हा तुम्ही आईला हाक मारलीत. अगं, गॅस बंद कर, म्हणालात. आणि मग थांबलात."
मी म्हणालो, चित्रीकरण चालू असल्याने हलता येत नव्हते.
"सगळ्या खोल्यांत तेच आहे, बाबा. हे बरं दिसतंय का, ते बरं दिसतंय का. प्रत्येक वेळी विचारता आणि थांबता."
कॅमकॉर्डर चित्रीकरण करणाऱ्याचाही आवाज टिपतो, ही बाब माझ्या नजरेतून सुटली होती. फोटोग्राफीच्या कॅमेऱ्यात तशी सोय नसे, असे मी स्पष्टीकरण दिले. ती रागावली नाही. रागावली असती, तर मला वाद घालता आला असता. मुद्देही तयार होते.
शनिवारी ती आणि जावई येत आहेत. माझ्यासाठी खिडकीची खोली रिकामी केली आहे, म्हणाली. मी बरे म्हटले.

१६ मार्च, संध्याकाळी
माळ्यावरून मोठी बॅग खाली काढली. पुसली. स्वेटर घ्यावेत की नाही, यावर विचार चालू आहे.
हिला अद्याप सांगितलेले नाही.