तिसऱ्या रविवारची हरकत

बाबा, आज मी चर्चमध्ये उभा राहिलो. लग्नाआधी तीन रविवार घोषणा करतात, त्यातली ही तिसरी आणि शेवटची होती. पाळकसाहेबांनी वधूवरांची नावं वाचली आणि विचारलं, "कुणाची हरकत?" या प्रश्नाला आपल्याकडं कुणी उत्तर देत नाही. खोकलासुद्धा दाबतात.

बुधवारी नवऱ्या मुलाचा बाप सीताफळांची टोपली घेऊन आला होता. दहा वर्षांत आमची पायरी न चढलेला माणूस. "सर, तुम्ही म्हणजे मंडळीचे वडीलधारे!" मी जन्मभर शाळेत कविता शिकवलेला माणूस, गोड शब्दाला भुलतोच. पण एवढा गोडवा उगाच नसतो. तो गेल्यावर मी पिशोर गावाला, त्याच्या मुलाच्या पहिल्या बायकोला फोन लावला. मुलगा वाळूजला कंपनीत आहे. ती तिथल्या शाळेत माझी विद्यार्थिनी होती. ती म्हणाली, "फारकत कुठं झालीय, सर? मी अजून त्याचीच बायको हाय." मग मुलाच्या बापाला विचारलं. "मिटलंय सर ते. तुम्ही रविवारी नुस्ते बसून राहा." तोवर दोन सीताफळं माझ्या पोटात गेली होती.

तुम्ही चिकलठाण्याच्या कारखान्यात माल तपासायचात. एकदा तिथंच कामाला असलेल्या शेजारच्या काकांच्या मालाची अख्खी पेटी नापास केलीत आणि त्या नाताळला त्यांच्याकडून फराळाचं ताट आलं नाही. आई चुलीपुढं धुसफुसतेय, "लोकं जोडावी लागतात हो." तुम्ही चहा फुंकताय. "माल वाकडा होता." मी कोपऱ्यात कविता घोकतोय, पण जीव करंज्यांत. गुपचूप जाऊन काकूंना सांगितलं, बाबांना लई वाईट वाटतंय, साहेबांनीच करायला लावलं. संध्याकाळी ताट आलं! तुम्ही ते झाकून माझ्या हातात दिलंत.

"परत देऊन ये. खोटं बोललो म्हणून सांग."

"काका रागावतील."

"रागावू दे. प्रभूपुढं तुझ्याशेजारी काका उभे राहणार नाहीत."

आज मी हरकत सांगितली. पाळकसाहेबांनी लग्न थांबवलं. मुलाचा बाप काठीसारखा ताठ निघून गेला. बाहेर एकानं माझी पाठ थोपटली. मला त्या हाताचाही संशय आला. मग मुलीचे वडील आले. डोळे लाल, आवाज अगदी हळू. "उपकार झाले, सर. पण चार दिवस होते की. घरी येऊन सांगायचं. पोरगी समोर बसली होती माझी, सगळ्यांदेखत."

त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडं. गुरुवारी त्यांच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो होतो. पाय दुखतात, असं स्वतःला सांगितलं.

उद्या त्या पोरीची माफी मागायला जाणार आहे. तुम्ही तर आता नाही, हे पत्र कुठं ठेवावं कळत नाही. बायबलमध्ये तर ठेवणार नाही. बाबा, उभा राहिलो तेव्हा प्रभू मनात नव्हता. तुम्ही होतात. त्यांच्या घरी, बंद दाराआड सांगितलेलं खरं तुम्हांला दिसलं नसतं, असं वाटलं.