गाडी विकायची ठरली, पण तुमच्या बहिणीनं ती चालवली

तीर्थरूप दादांस,

वाकून नमस्कार. आशीर्वाद बसूनच द्या, उठू नका. गुडघा कसा आहे, आणि सांगितलेले व्यायाम करता का? (हा प्रश्न तुमच्या बहिणीचा. करत नसाल तर मला सांगू नका. तिनं विचारलं की मला खोटं बोलता येत नाही.) वहिनींनाही नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत, आणि मजेचं कारण तुम्हाला आवडणार नाही म्हणून हे सविस्तर लिहितो.

तो इंग्रजी खटारा एकदाचा विकून टाका, हे तुम्ही इतकी वर्षं सांगत आलात. अखेर ऐकलं. तुमची बहीण जिथं फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते ती जागा मालकाला महिनाअखेर परत हवी आहे, आणि आमच्या घराची रस्त्याला लागून असलेली एकच खोली म्हणजे गॅरेज. गाडी गेली नाही तर दवाखाना बंद. तेव्हा मला पटलं. (पटलं, की पटवून घेतलं, यावर डायरीची दोन पानं भरली आहेत. ती तुम्हाला वाचायला लावत नाही.)

जाहिरात मीच लिहायला बसलो. 'दुर्मीळ ब्रिटिश गाडी, मागे मिटणाऱ्या छपराची, दोन आसनी, संपूर्ण दुरुस्त केलेली' एवढं झालं आणि पेन अडलं. दुर्मीळ कशामुळे? थोड्याच बनवल्या म्हणून, की थोड्याच लोकांनी घेतल्या म्हणून? वाचणाऱ्याची फसवणूक नको, दोन्ही शक्यता दिल्या. 'संपूर्ण दुरुस्त' हेही धाडसाचंच. सांगाडा, इंजिन आणि स्टिअरिंग तेवढं मूळचं. बाकी मी, एक वेल्डर आणि एक गादीवाला यांच्या संगनमतानं उभं राहिलेलं. तेही लिहिलं. वळताना दारामागून बाहेर येणारा पिवळा हात (त्या काळी वळायचे दिवे नव्हते) उजवीकडचा थाप मारल्याशिवाय येत नाही, तेही. छप्पर मिटायला दोन माणसं लागतात आणि त्यांचं आपसांत बरं असावं लागतं, तेही. तुमच्या बहिणीनं कागद वाचून विचारलं, "ही जाहिरात आहे की कबुलीजबाब?"

तरी गिऱ्हाइकं आली. आधी एक दातांचे डॉक्टर. ते कौतुकानं गाडीभोवती फिरत होते, तर मी खालून गळक्या तेलाचा ट्रे ओढून दाखवला. (त्यांना दिसला नसता. म्हणूनच दाखवला.) त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला, "होईल सगळं नीट," म्हणाले आणि गेले.

मग एक हॉटेलवाले आले. त्यांना ती फाटकाशी फुलझाडं भरून उभी करायची होती. मी ब्रेकबद्दल सांगू लागलो तर म्हणाले, "साहेब, ती हलायची गरजच नाही. चाकंच पक्की करून टाकणार." मला ते मुळीच रुचलं नाही. पण दुसऱ्यानं विकत घेतलेल्या गाडीत माती भरावी की पेट्रोल, हे ठरवणारा मी कोण? ब्रेकचं पुराण आवरलं. त्यांना फक्त एकदा चालताना बघायची होती, भागीदाराला सांगता यावं म्हणून. मी किल्ली घेतली, तर तुमच्या बहिणीनं ती काढून घेतली. "तुम्ही घरात बसा. तुम्ही दाखवलीत तर फुकटसुद्धा कुणी नेणार नाही."

दादा, आजवर तिनं ही गाडी फक्त ढकलली होती.

बराच वेळ झाला. मी गॅरेज झाडलं, पेशंटची खाट कुठं बसेल ते पावलांनी मोजलं, मन घट्ट केलं. गाडी परत आली तेव्हा दोघांचेही केस उभे होते. हॉटेलवाले उतरले, थोडा वेळ कुंपण धरून राहिले आणि म्हणाले, "ताई, सौदा पक्का."

"विकायची नाही," तुमची बहीण म्हणाली.

"अहो, मघाशी तर विकायची होती."

"मघाशी मी चालवली नव्हती."

घडलं ते असं. चौकात तिनं दारावर थाप मारली, पिवळा हात टुणकन बाहेर आला, आणि समोरच्या बसच्या ड्रायव्हरनं बस थांबवून तिला सलाम ठोकला. पुढचा सगळा रस्ता ती हसत होती. "दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करते," मला म्हणाली, "आज माझे झाले." मला फार आनंद झाला. तो तिच्यासाठी झाला की माझ्यासाठी, याचा प्रामाणिकपणे विचार केला. निकाल लागला नाही, आनंद मात्र तसाच राहिला.

तुमचा,
अजूनही गाडीवाला मेहुणा

ता. क. तुमचा छापखाना बंद झाल्यापासून खालची मोठी खोली रिकामीच असते. संकोच वाटतो, पण दवाखान्यासाठी मिळेल का? नाही म्हणालात तरी राग नाही. पूर्ण विचार करूनच काय ते ठरवा.

दुसरा ता. क. दादा, हे मी लिहितेय. ह्यांनी अजून गाडीच्या गोष्टीतच घोळ घातलाय. खोलीची किल्ली वहिनीनं मला कालच दिली. तुला सांगायचं राहिलं म्हणाली. रविवारी सकाळी ती आणि मी लांब फिरायला जातोय. गाडीत जागा दोनच, तेव्हा तुम्ही दोघं माझ्या खाटा हलवून ठेवा. गुडघ्याला तेवढाच व्यायाम.