मागून दोन ठोके

३ तारीख, सोमवार

पोहोचलो एकदाचा. खोली मिळाली, नोकरी मिळाली, गाडी मिळाली. एका दिवसात एवढं सगळं आमच्या घरात अजून कुणाला मिळालेलं नाही. ही वही ताईने बॅगेत घातली. म्हणाली, लांब चाललायस, तुझी बडबड ऐकायला तिथे कोणी नसेल, रोज चार ओळी लिहीत जा, म्हणजे अक्षरं तरी विसरणार नाहीस. आठवीत मी शाळा सोडली की शाळेने मला, यावर घरात अजून वाद आहे. ताई म्हणते मी कुठेच टिकत नाही. खरंय. गॅरेज सोडलं, बेकरी सोडली, पेट्रोलपंपावरून तर जेवणाचा डबासुद्धा न घेता पळालो. या वेळी मात्र तिला शब्द दिलाय. सेलचा हंगाम संपेपर्यंत हलायचं नाही. सुपरवायझर म्हणाला, हंगाम नीट काढलास तर कायम करून टाकतो.

खोली गोदामाच्या मागेच, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून गाड्या उभ्या दिसतात. भिंतीकडची शेवटची पांढरी माझी. आधीचा ड्रायव्हर ऐन गर्दीत सोडून गेला म्हणे. बरं झालं, नाहीतर मला कोण विचारत होतं!

४ तारीख, मंगळवार

काम समजलं. सोपं आहे. पुढे मी, मागे पार्सलांबरोबर हेल्पर. मध्ये पत्रा, त्याला खिडकी नाही. माझी पाठ त्याच पत्र्याला टेकलेली असते. पत्ता आला की मी हॉर्न देतो, हेल्पर शटर वर करून उतरतो, पार्सल देऊन येतो, आत चढतो, शटर ओढतो आणि पत्र्यावर दोन ठोके मारतो. दोन ठोके म्हणजे चल. मी खाली उतरायचं नाही, वळून बघायचं नाही, वेळ जातो. शटर उघडं असेल तर गाडी सुरूच होत नाही. हेल्परने पुढे बसायचं नाही, केबिनमधला कॅमेरा बघत असतो.

हेल्पर सगळे हंगामी. माझ्या वाट्याला आलेल्याचं नाव मी शिट्टी ठेवलंय. जिना चढताना शिट्टी, उतरताना शिट्टी, कुत्रा मागे लागला तरी शिट्टीच. मला म्हणाला, ड्रायव्हरसाहेब, तुम्ही पुढे राजासारखे बसता आणि मी मागे बटाट्यासारखा. मी म्हटलं, बटाटा तरी गप्प बसतो.

७ तारीख, शुक्रवार

हात बसला. गल्ल्या पाठ होत आल्या. तिसऱ्या गल्लीतल्या दोघी बहिणी रोज एकमेकींची पार्सलं चुकून उघडतात आणि भांडण शिट्टीला सोडवावं लागतं. आज तो भांडण सोडवून आला तो केक खाऊनच. मला तुकडासुद्धा नाही आणला, लबाड.

एक गंमत सांगत होता. मागे शिट्टी वाजवली की थोड्या वेळाने कोपऱ्यातून तीच चाल परत ऐकू येते. मी म्हटलं, पत्र्याचा डबा आहे, घुमणारच. तो म्हणाला, घुमतं ते लगेच घुमतं ना, हे विचार करून वाजवतं. खूप हसलो दोघं.

१० तारीख, सोमवार

शिट्टी गेला.

नीट लिहितो. दुपारी एका आजीबाईंचं पार्सल होतं, पहिल्या मजल्यावर. तो वर गेला, आला, दोन ठोके पडले, मी निघालो. पुढच्या पत्त्यावर हॉर्न दिला. शटर वर जाईना. पुन्हा दिला. शेवटी उतरून शटर उघडलं तर आत फक्त पार्सलं. वाटलं, बिचारा मागेच राहिला, आता शिव्या खाणार मी. गाडी फिरवली. आजीबाई खिडकीतच होत्या. म्हणाल्या, अरे तो तर शिट्टी वाजवत उतरला आणि तुझ्या गाडीत चढला, शटर ओढताना मला हातही केला त्याने.

मग दोन ठोके त्यानेच मारले असणार. पण पुढे गाडी कुठे थांबलीच नव्हती.

सुपरवायझर म्हणाला, सिग्नलला उडी मारून पळाला असेल, हंगामी माणसाचं काय मनावर घेतोस. फोन बंद लागतोय. मी सुपरवायझरला सांगितलं की शिट्टीच्या चपला मागेच पडल्यात. तर म्हणतो, मग काय झालं, नवीन घेईल. अनवाणी पळून जातं का कोणी? मी एवढ्या नोकऱ्यांतून पळालो, चपला घालूनच पळालो.

११ तारीख, मंगळवार

नवा हेल्पर. अंगाने दांडगा म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणतात. बोलतो कमी, खातो जास्त. मोठा स्टीलचा डबा घेऊन येतो. मी त्याला शिट्टीचं काही सांगितलं नाही. काय सांगणार?

काम मात्र आज सुसाट झालं. संध्याकाळी मी त्याची पाठ थोपटली, तर म्हणाला, माझं कसलं, तुम्हीच पार्सलं झकास लावता. हॉर्न वाजला आणि अंधारात हात पुढे केला की बरोबर तेच पार्सल हातात येतं. जणू कोणी देतंय.

पार्सलं मी लावत नाही. गोदामातली माणसं कशीही कोंबतात.

१३ तारीख, गुरुवार

सगळ्या गाड्यांत आमची गाडी पहिली रिकामी होऊन परत येते. सुपरवायझरने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. शाळेत एकदाही टाळ्या मिळाल्या नाहीत, त्या इथे मिळाल्या. एका जुन्या ड्रायव्हरने मात्र टाळी वाजवली नाही. गाडीकडे बघत राहिला.

आनंदाच्या भरात ताईला फोन केला. ती म्हणाली, तुझ्या दाजींचा कारखाना बंद पडलाय, घरात बसून माझ्यावर चिडतात, मला सातवा लागलाय, तिथे त्यांचं काही जमेल का रे? मी छाती फुगवून म्हटलं, पाठवून दे, माझ्याच गाडीवर घेतो. सुपरवायझरला माणसं हवीच आहेत. ताई रडली. म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा तुझा उपयोग झाला बघ.

फोन ठेवल्यावर आठवलं. पैलवान आज म्हणाला होता की अर्धी पार्सलं उतरली तरी मागे दाटी वाटते. पाय लांब केले तर कशाला तरी लागतात. मऊ.

१५ तारीख, शनिवार

पैलवान गेला.

या वेळी मी सावध होतो. प्रत्येक ठिकाणी आरशात बघत होतो. तो चढला, मी बघितलं. शटर खाली आलं, मी बघितलं. दोन ठोके. हलके, नेहमीसारखे. मी निघालो. सरळ रस्ता, कुठे थांबलो नाही. पुढच्या पत्त्यावर शटर उघडलं. डबा होता. झाकण लावलेला, अजून गरम.

मग मोबाइलच्या उजेडात मधला पत्रा दिसला. आतून ठोकून ठोकून बाहेर आलाय. मुठींच्या खुणा. एका ठिकाणी रक्त. माणसाने जिवाच्या आकांताने बडवल्याशिवाय असा पत्रा वाकत नाही. सगळ्या खुणा माझ्या सीटमागे. माझ्या पाठीच्या उंचीवर. माझी पाठ तिथेच टेकली होती. मला फक्त दोन ठोके ऐकू आले. हलके.

मागे कितीही बडवलं तरी पुढे तेवढेच येतात. पुढे काय यायचं, ते मागे कोणीतरी ठरवतं.

१६ तारीख, रविवार

सुट्टी. सुपरवायझरच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. तो चहा पीत राहिला. म्हणाला, पार्सल पडून पत्रा वाकतो, रक्त कुठेही लागतं, आणि ऐन हंगामात गाडी उभी ठेवायला मी वेडा नाही. तुला जायचं तर जा. नवा हेल्पर उद्या येतोच आहे, त्याला दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर याच गाडीवर देतो.

नवा हेल्पर म्हणजे दाजी.

ताईला फोन केला, पाठवू नकोस म्हटलं. ती म्हणाली, ते सकाळीच निघाले, आणि तू शुद्धीवर आहेस ना?

दुपारी खिडकीत बसलो होतो. गाडी उन्हात उभी. बंद. रिकामी. चावी माझ्या खिशात. आवार सामसूम—दोन ठोके.

मग शिट्टीची चाल.

१७ तारीख, सोमवार

दाजी आले. ताईने माझ्यासाठी स्वेटर पाठवलाय. बाळाचा विणून उरलेल्या लोकरीचा, म्हणून एक बाही पिवळी.

सगळं सांगितलं. पत्रा दाखवला. ते हसले. म्हणाले, मेव्हणे, बहाणे करण्यात तुझा हात कोणी धरणार नाही. मग हसायचे थांबले. म्हणाले, तुला पळायचं तर पळ, तुला सवय आहे. मी रिकाम्या हाताने तिच्यासमोर जाऊन उभा राहणार नाही.

आज त्यांना पुढे माझ्या शेजारी बसवलं, चढउतार मीच केली. मागे पाऊल न ठेवता, बाहेरूनच हात घालून. हात घातला की पार्सल यायचं. बघितलं नाही मी कोण देतंय. संध्याकाळी सुपरवायझर तापला. कॅमेऱ्यात दोघं दिसले. उद्या पुन्हा असं झालं तर गाडी काढून घेणार. एक पुढे, एक मागे, कोण कुठे याच्याशी त्याला देणंघेणं नाही म्हणाला.

कोण कुठे.

दाजींनी गावाकडे टेम्पो चालवलाय. लायसन आहे.

१८ तारीख, मंगळवार, सकाळ

ठरलं. दाजींना म्हटलं, तुम्ही घरचे जावई, तुम्हाला ओझी उचलायला लावली तर ताई मला घरात घेणार नाही. स्टिअरिंग तुम्ही धरा. खूश झाले. बरं म्हणाले, निदान मानपान तरी कळतो तुला.

खूण बदलली. त्यांना बजावलं, दोन ठोके आले तर गाडी जागची हलवायची नाही. तीन आले तरच निघा. दाजी म्हणाले, तीन तर तीन, तू म्हणशील तर ढोल वाजव. शटरच्या दोरीला लाकडाचा तुकडाही बांधलाय. आतून अडकलं तर पाचर मारायला.

हे सगळं बोललो तेव्हा सामान भरून झालं होतं. मी मागेच उभा होतो. उघड्या शटरपाशी.

तीच तारीख. मागे

वही आणलीय. मोबाइल दातांत धरून लिहितोय. अक्षर बघून ताई हसेल.

पहिलं पार्सल झालं. चढलो, तीन ठोके मारले, निघालो. दुसरंही झालं. काही नाही. पार्सलं आहेत, धूळ आहे, डिझेलचा वास. कोपऱ्यात शिट्टीच्या चपला मीच जपून ठेवल्यात. आता जोडीने नाहीत. एक इकडे, एक तिकडे. पावलं टाकल्यासारख्या.

तिसरं झालं. दाजी गाडी छान चालवतात. खड्डा हळू घेतात. घरी बाळाला घेऊन असेच—

चौथं. हॉर्न झाला. हात पुढे केला नव्हता मी. पार्सल आलं. मांडीवर. हळूच.

देऊन आलो. बाहेर ऊन होतं. पळावंसं वाटलं. पाय वळलेही होते. पुढे दाजी गाणं म्हणत होते. चढलो.

—गाडी उभीच आहे. मी तीन मारले. ऐकू गेले नसतील. परत मारले. दाजी विचारतायत, काय रे, दोनच का मारतोस? हसतायत. दोन आले तर हलायचं नाही, तूच म्हणालास ना.

म्हणजे माझे तीन तिकडे दोन होतायत.

बरं झालं. गाडी हलणार नाही. उतरतो. दाजींना घेऊन सरळ—

शटर वर जात नाही. पाचर कुठे गेली? आत्ता इथे होती—

हाका मारतोय. घसा बसला. दाजी गाणं म्हणतायत. मला त्यांचं सगळं ऐकू येतं. त्यांना माझं—

शिट्टी. अगदी कानापाशी. विचार करून वाजवतंय.

दाटी झालीय. पाय मागे घेतले. तिथेही—

तीन ठोके पडले. स्पष्ट. मी नाही मारले. माझे दोन्ही हात वहीवर आहेत.

दाजी म्हणाले, शाब्बास.

निघालो.

बडवतोय. पत्रा वाकतोय. पलीकडे त्यांची पाठ आहे, एवढीशी जागा मध्ये—

लवकर लिहितो. मोबाइल विझतोय. चपला राहिल्या, डबा राहिला. वहीही राहील. शटरच्या कडेला ठेवतोय, उघडल्यावर हाताला लागेल अशी. दाजी, आत चढू नका. मला शोधायला चढू नका. हाक आली, माझ्या आवाजात आली तरी नाही. गाडी तिथेच सोडा, चालत घरी जा. बाळाचं तोंड बघा. ताईला सांगा, स्वेटर बसला. आणि तिला म्हणावं, या वेळी मी पळून नाही—