फळ्यावरचं छोटं वर्तुळ

११ जानेवारी २०१२, बुधवार

आई नाही म्हणाली! बशी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता – "मी येणार नाही. मला हितचिंतकांच्या टेबलावर बसवलंय. हितचिंतक म्हणजे जे घरी बसून कंपनीचं भलं चिंतत होते ते. मी विमानात उभी होते."

आमच्या विमान कंपनीला पंचाहत्तर वर्षं होतायत. अठरा फेब्रुवारीला इथल्या, विनिपेगच्या, विमानं ठेवायच्या जुन्या हँगरात निवृत्तांचा मेळावा आहे. आठवणींची पुस्तिका माझ्या गळ्यात पडलीय. मी वैमानिक-हवाईसुंदऱ्यांच्या ड्यूट्या लावते, त्यामुळे सगळ्यांचे फोन नंबर माझ्याकडे असतात. एवढीच माझी लेखिका म्हणून पात्रता.

ज्यांची पंचवीस वर्षं भरली त्यांना सोन्याची पिन आणि पुढचं टेबल. आईची तिकीट काउंटरवर चोवीस वर्षं तीन महिने झाली. त्याआधी तीन वर्षं आठ महिने ती हवाईसुंदरी होती, पण ती धरत नाहीत. मध्ये साडेसहा वर्षांचा खंड आहे.

खंड म्हणजे मी.

१३ जानेवारी

प्रिंगलना फोन केला. हॉवर्ड प्रिंगल, निवृत्तांच्या संघटनेचे चिटणीस. आयुष्यभर कंपनीची वेळापत्रकं छापली, अजून बोलतातही तशीच.

त्यांनी नियम वाचून दाखवला. त्या काळी लग्न झालं की हवाईसुंदरीला जावंच लागायचं. अशा काढलेल्या बायकांची आधीची वर्षं आता धरतात. ज्या आपण होऊन गेल्या, त्यांची नाही.

"तुमच्या आईंच्या फाइलीत 'स्वखुशीने राजीनामा' आहे. खाली सही आहे. अक्षर फार सुंदर आहे हो."

"अहो, स्वखुशीने कोण जाईल?"

"कागद आणा, मी पिन आणतो."

१४ जानेवारी

आईला विचारलं, नोकरी सोडलीस तेव्हा लग्न झालेलं होतं का?

"नाहीतर तू कशी आलीस? सामानाच्या कप्प्यातून?"

"मग राजीनामा का दिलास?"

"ते तुझ्या बापाला विचार."

लहानपणापासून हेच उत्तर. बाबा होते तोवर विचारता तरी यायचं. विचारलं की ते सिंककडे तोंड करून भांडी घासत राहायचे. आमच्या घरी भांडी कायम बाबांनी घासली. हँगरातून दहा तास काम करून आले तरी. एकदा, मी बारा-तेरा वर्षांची असेन, म्हटलं, बाबा, तुम्हीच का रोज? तर म्हणाले, "एकदा खरं बोललो होतो, हेल्गा. त्याची शिक्षा चाललीय." मला वाटलं, विनोद.

जाऊन चार वर्षं झाली त्यांना. आई अजून जेवायला दोन बशा काढते आणि मग एक परत ठेवते.

२० जानेवारी

उणे एकतीस. आईच्या दारात गाडी सुरू होईना. आई खिडकीतून – "तुझा बाप असता तर..." आणि पडदा ओढून घेतला.

२४ जानेवारी

तारासकाकांकडे जाऊन आले. तारास बोइको – बाबांबरोबर तीस वर्षं हँगरात मेकॅनिक. आता वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी वृद्धाश्रमात तिथल्या दोन लिफ्ट दुरुस्त करायला धडपडतात, आणि नर्सबाई त्यांचा पेचकस काढून घेतात. पुस्तिकेसाठी एखादी आठवण सांगा म्हटलं. सोबत बटाट्याचं सारण भरून उकडलेले पिरोही नेले होते. ते आधी मोजून घेतले, मग बोलायला लागले.

"तुझ्या आईबापानं लग्न केलं सहासष्ट साली, चोरून. साक्षीदार मी. आता अंगठी ठेवायची कुठं? बोटात नाही, पर्समध्ये नाही. पर्स तपासायचे गं ते! वजन तपासायचे, मोजे तपासायचे, एवढं तर आम्ही विमान तपासत नव्हतो."

"मग?"

"मग तुझ्या बापानं, ओरेस्तनं, अक्कल चालवली. फळ्यावर टांगली."

हत्यारांचा फळा. बाबांनी घरच्या तळघरातही तसाच केला होता, त्यामुळे मला सांगावं लागलं नाही. प्रत्येक पान्यामागे त्याचीच आकृती पांढऱ्या रंगानं रंगवलेली. पाना जागेवर नसला की आकृती उघडी दिसते. आणि एकही आकृती उघडी असेल तर विमान सोडायचं नाही. पाना इंजिनात राहिला असेल तर?

"खाली कोपऱ्यात ओरेस्तनं एवढंसं वर्तुळ रंगवलं," काकांनी बोटांनी दाखवलं, "वर खिळा. सिगा उडायला निघाली की अंगठी खिळ्यावर. उतरली की बोटात. सगळ्या हँगरला ठाऊक! पावणेदोन वर्षं एकानं तोंड उघडलं नाही. वादळ-बिदळ असलं की आम्ही फळ्याकडे बघायचो. अंगठी दिसली की म्हणायचो, सिगा वर आहे."

सिगा म्हणजे आई. सिग्रून. तिला सिगा म्हणणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

"मग एके दिवशी विसरली. बोटातच राहिली. वर हातमोजे घातलेले, कोणाला दिसणार? नेमका त्या आठवड्यात नवा फोरमन आलेला. पहिले तीन दिवस ती रोज उडत होती, त्यामुळे त्यानं वर्तुळ भरलेलंच पाहिलेलं. चौथ्या दिवशी उघडं! म्हणाला, इथं काल काहीतरी चकाकत होतं. काय होतं? आम्ही नऊ जण आपापले बूट बघत उभे. तो म्हणाला, ठीक आहे, दोन्ही इंजिनं उघडा. बाहेर उणे चौतीस, डीसी-थ्री उत्तरेला फ्लिन फ्लॉनला निघालेलं, आत एकवीस माणसं, आणि तुझी आई त्यांना तिसऱ्यांदा कॉफी देतेय!"

काका इतके हसले की पिरोही घशात अडकला. पाणी दिलं. मग एकदम हळू आवाजात –

"माझ्या खिशात पितळी वॉशर होता. अगदी मापाचा. ओरेस्तच्या हातात कोंबला. म्हटलं, टांग आणि म्हण सापडला. त्यानं मला परत दिला. म्हणाला, फळ्यावर खोटं टांगायचं नाही, तारास. आज मी टांगलं तर उद्या कोणी पान्याच्या जागी टांगेल. आणि गेला सरळ फोरमनकडे. म्हणाला, इंजिन उघडू नका, ती वस्तू माझ्या बायकोच्या बोटात आहे."

"आणि आई?"

"तिला जिन्यावरून उतरवलं. गाढव होता तुझा बाप. फार चांगला गाढव."

परत येताना तासभर मला बाबांचा राग आला. चार वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा! एका वॉशरचा तर प्रश्न होता.

मग आठवलं, मी रोज ज्या विमानांवर माणसं पाठवते, ती कोणीतरी हत्यारं मोजून सोडलेली असतात.

२५ जानेवारी

आईला काही सांगितलं नाही. आधी कागद.

२८ जानेवारी

मिळाला!!

कंपनीनं जुनी अडगळ विमानांच्या संग्रहालयाला दिलीय. तिथली मुलगी म्हणाली, खोकी आहेत, यादी नाही. सहा खोकी उपसली. कोपरापर्यंत काळी झाले. पाचव्यात हँगरची नोंदवही. १५ फेब्रुवारी १९६८:

"विमान १ तास ५० मिनिटं रोखलं. फळ्यावर कमी – अंगठी, नग १. सापडली – हवाईसुंदरीच्या बोटात. विवाहित असल्याने हवाईसुंदरी उतरवली. दुसरी बोलावली. फळा पूर्ण."

नग १! आईची सगळी पहिली नोकरी त्या एका नगात संपली. मी हसत होते आणि चष्मा पुसत होते.

फळासुद्धा आहे तिथे, भिंतीला टेकवलेला. पाने कधीच गेले, आकृत्या राहिल्यात. कोपऱ्यातलं वर्तुळ मी बोटानं चाचपलं. बाबांनी ब्रश दोनदा फिरवलाय, कड जाड आहे. कुठलंही काम ते एका हातात सोडायचे नाहीत.

२ फेब्रुवारी

प्रिंगलनी नोंद तीनदा वाचली. मग चष्मा काढला. "उतरवली, असं स्पष्ट लिहिलंय. राजीनाम्यावर सही मागाहून घेतली असणार." त्यांनी माझ्यासमोर बेरीज केली. सत्तावीस वर्षं अकरा महिने. पुन्हा केली. तेवढीच आली.

"पुढचं टेबल," म्हणाले. "आणि तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. अक्षर फारच सुंदर आहे."

३ फेब्रुवारी

आईला सगळं सांगितलं. फळा, वॉशर, नोंदवही. ती बराच वेळ अंगठी बोटात फिरवत होती. बाबांनी वॉशर परत दिला, हे सांगितलं तेव्हा मान खाली घातली. मला वाटलं, चुकलंच, जुनी जखम उकरली.

मग म्हणाली, "पिन कशावर चांगली दिसेल, निळ्यावर की करड्यावर?"

९ फेब्रुवारी

निळा. नाही, करडा. नाही, निळा.

१८ फेब्रुवारी, शनिवार

दमलेय, पण लिहायलाच हवं.

एकशे चाळीस माणसं, आणि सगळी रांगेत नोकरीला लागल्याच्या तारखेप्रमाणे उभी! कोणी सांगितलं नव्हतं. जन्मभर त्या तारखेवर सुट्ट्या मिळाल्या, फुकटच्या सीट मिळाल्या, आता सूपसुद्धा त्याच तारखेवर. आई एका गृहस्थांच्या पुढे जाऊन उभी राहिली. "चौसष्ट, जून," म्हणाली. ते मुकाट्यानं मागे सरकले.

प्रिंगलनी पिन लावली. वाकडी लागली. आईनं नीट करू दिली नाही.

संग्रहालयानं फळा आणला होता, मीच गळ घातली होती. आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं अंगठी काढायला सुरुवात केली. निघेना! चव्वेचाळीस वर्षांत बोट जाड झालंय. तारासकाका ओरडले, "अगं, लोणी आणा कोणीतरी!" पावाबरोबरचं लोणी आणलं. निघाली. तिनं ती खिळ्यावर टांगली.

तारासकाका खुर्चीचा हात धरून उभे राहिले. "सिगा वर आहे!"

मागच्या टेबलावरून आणखी दोघेतिघे म्हाताऱ्या आवाजात ओरडले. वर आहे! वर आहे!

जेवण होईपर्यंत अंगठी फळ्यावर होती. निघताना आईनं ती बोटात घातली आणि फळ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

गाडीत मी म्हटलं, बाबा असायला हवे होते. "हं," म्हणाली. खिडकीबाहेर बघत.

२० फेब्रुवारी

आई आज माझ्याकडे. मी भांडी घासतेय, ती पुसतेय. पिन स्वेटरवर.

"मी अंगठी विसरले नव्हते गं."

मी नळ बंद केला.

"स्कर्टचा हूक लागेना. तू होतीस. राजीनामा तीनदा लिहिला, तीनदा फाडला. आपल्या पायांनी खाली उतरणं काही जमेना. मग नव्या फोरमनला मोजायची खोड आहे असं कळलं. आणि तुझा बाप फळ्यावर खोटं टांगणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं."

"आणि त्यांनी चाळीस वर्षं भांडी घासली!"

"छान घासायचा," आई म्हणाली. मग हातातली कोरडी बशीच पुन्हा पुसायला लागली. "सांगणार होते. रोज सांगणार होते."

प्रिंगलना हे कधीही कळता कामा नये.