विहारातली सात मशीनं

रवि. २ नोव्हें.
सात झाली. सकाळी आठला कुलूप उघडलं, आता पावणेपाच. पाठीचं भजं झालंय. पण सातही मशीनवर विंडोज काढून फुकटातलं लिनक्स, आणि सातही अर्ध्या मिनिटात चालू. कालपर्यंत ह्याच डब्यांचं बटण दाबून पोरं पाणी प्यायला जायची.

दाभाडे काका (इथून पुढं दा.का., पूर्ण लिहायला मला वेळ नाय) जि.प.मधून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले, आता विहाराच्या मागच्या खोलीतली अभ्यासिका बघतात. शुक्रवारी म्हणाले, विंडोज टेनचा सपोर्ट संपला, इलेव्हन ह्यांच्यावर चढत नाय, दुकानदार म्हणतो भंगारात द्या. भंगारात. पप्पांनी शेंद्र्याच्या कंपनीत दहा जणांपुढं हात जोडून ही मशीनं आणली होती. मी म्हटलं, किल्ली द्या, मी बघते. दिली. बघते म्हणजे काय, ते त्यांनी विचारलं नाय, मी सांगितलं नाय.

आणि जे विंडोज होतं ते तरी कुठं विकतचं? कोणीतरी पेनड्राइव्हवरून क्रॅक मारून दिलेलं. सगळं पुसलं. क्रोमही टाकला नाय. चार जीबी रॅममध्ये क्रोम म्हणजे दोन खोल्यांच्या घरात वऱ्हाड उतरवणं. फायरफॉक्स टाकला. तो पण काय उपाशी राहत नाय, पण तो माझा.

लई भारी वाटतंय. कोणी शाबासकी दिली नाय तरी चालेल. (दिली तर चालेल.)

सोम. ३ नोव्हें.
रेश्मा वहिनी दुपारी दोनला आली. आमच्या गल्लीतली, माहेर सोयगाव. पोरगं अंगणवाडीत सोडून रोज दोन तास टायपिंग करते. मराठी थर्टीची परीक्षा, मिनिटाला तीस शब्द. ती झाली की लिपिकाचा फॉर्म भरता येतो. चार नंबरच्या मशीनवर बसली, इकडं तिकडं बघितलं.

"सुजा, माझं टायपिंगचं कुठंय?"

तिच्या क्लासच्या सरांनी तिला सरावाचं सॉफ्टवेअर टाकून दिलेलं, चार नंबरवर. क्लास संपला, तिथं आता नवीन बॅच बसते, म्हणून. ते मी काल पुसलं. ते लिनक्सवर चालतच नाय.

मी म्हटलं, मराठी ह्यात पण टाइप होतं, टाइप करून बघ. तिनं केलं. बोटं सवयीनं पळाली आणि स्क्रीनवर भलतीच अक्षरं. तिच्या क्लासात जुन्या टाइपरायटरचा कीबोर्ड शिकवतात, मी टाकलेला वेगळा. मग मी लेक्चर झाडलं. म्हटलं, हाच सरकारी स्टँडर्ड आहे, तुमचा तो टाइपरायटरचा मेलेला कीबोर्ड आहे, जगानं सोडला.

म्हणाली, "मला जग नको गं. मला पास व्हायचंय. अठरा दिवस राहिले."

ओरडली असती तर बरं झालं असतं. पिशवी उचलून गेली.

मंगळ. ४ नोव्हें.
दा.का. घरी आले. पप्पा सेकंड शिफ्टला गेलेले, म्हणून सगळं मला एकटीला.
"कोणाला विचारून केलंस?"
"तुम्ही किल्ली दिली."
"किल्ली दिली म्हणजे खोली दिली का? रविवारपर्यंत होतं तसं कर."
होतं तसं म्हणजे परत क्रॅक. विकतचं घ्यायला कमिटीकडं फंड नाय, हे त्यांनीच सांगितलं. म्हणजे चोरीचंच टाक, असं हेडक्लार्क मला सांगतायत. मी म्हटलं, नाय टाकणार. म्हणाले, मग दुसरा कोणी टाकेल.

दुसरा कोणी टाकेल. बघू.

जेवताना आठवलं. दर रविवारी वंदनेत सगळे हात जोडून काय म्हणतो? अदिन्नादाना वेरमणी. जे दिलेलं नाही ते घेणार नाही. भिंतीच्या अलीकडं हे म्हणायचं आणि पलीकडं चोरीचं विंडोज चालू करायचं? आता रविवारी येऊ दे दा.का.ला समोर.

बुध. ५ नोव्हें.
फैजानच्या कॅफेत गेले, पैठण गेटजवळ. पॉलिटेक्निकपासूनचा दोस्त. त्याच्या मामूचं गेमिंग कॅफे आहे, हा चालवतो. आम्ही खेळतो त्या बंदुकांच्या गेममध्ये चीटिंग पकडणारं अँटी-चीट असतं, ते गेम लिनक्सवर चालू देत नाय. माझ्या लॅपटॉपवर विंडोज दोन वर्षांपूर्वीच उडवलंय, म्हणून तेवढा एक गेम त्याच्याकडं येऊन खेळते. माझ्या मशीनच्या आत इतकं खोल शिरून बघणाऱ्या गेमला मी घरात घेत नाय. हे मी त्याला शंभरदा ऐकवलंय.

आज अदिन्नादानाचा मुद्दा ऐकवला. वाटलं, वाह म्हणेल. तो चिप्स खात म्हणाला, "सही है. और तेरे लॅपटॉप पे जो गेमां हैं, वो क्या तेरे अब्बा ने खरीद के दिए?"

तीन राउंड हरले त्यानंतर.

गुरु. ६ नोव्हें.
विंडोजचे गेम लिनक्सवर चालवून दाखवते म्हणून मी मिरवते. चालवते खरं. पण चारातले तीन क्रॅक. त्यातला एक तर माझा जीव. दोन वर्षं खेळतेय, घोडा आहे त्यात, त्या घोड्याला नाव ठेवलंय. (नाव लिहिणार नाय. कोणी वाचलं तर.)

दुपारी तिन्ही डिलीट. सेव्ह फाइलसकट, नाहीतर परत मोह होतो. एकशे बारा जीबी मोकळी झाली. रडले नाय असं लिहिणार होते, पण रोजनिशीत तरी खोटं कशाला.

आता कोणी बोट दाखवून बघावं.

रवि. ९ नोव्हें.
वंदना झाली, कमिटी बसली. पाच जण, दा.का. मधोमध, रेश्मा वहिनी दाराशी. मी उभी राहिले आणि सगळं बोलले. आत्ताच शील घेतलं, अजून आवाज हवेत आहे, आणि तुम्ही मला चोरीचं टाकायला सांगताय. माझे स्वतःचे चोरीचे गेम मी काढून टाकलेत, म्हणून बोलायचा हक्क आहे. एक जण पायाकडं बघायला लागला. दा.का. चष्मा पुसत बसले. मला वाटलं, जिंकले.

तेव्हा वहिनी म्हणाली, "सुजा, माझं चार महिन्यांचं होतं त्या मशीनवर. कुठल्या दिवशी किती स्पीड आला, कुठं चुकते, सगळं. ते म्या तुला दिलं होतं का?"

मी खाली बसले.

दा.का.नी ठराव लिहिला. त्यांचं अक्षर लई सुंदर आहे, राग येतो. परीक्षेपर्यंत रेश्माबाईंच्या सरावाची सोय सुजातानं करायची. नाही झाली तर मशीनं भंगारात, किल्ली परत. झाली तर पुढच्या बैठकीत बघू.

मी सॉरी म्हटलं नाय. बैठकीत म्हटलं नाय. जिन्यात म्हटलं. ती म्हणाली, "सॉरीनं स्पीड येतो का? उद्या दोनला येते."

सोम. १० नोव्हें.
तिच्या क्लासवाला कीबोर्ड लिनक्सला शिकवायला बसलो. नेटवर एक सापडला, पण वीसेक अक्षरं इकडची तिकडं. मी विचारलं, 'ळ' कुठंय तुझ्या कीबोर्डवर? तिला सांगताच येईना. चार महिने झाले, पण कुठलं अक्षर कुठं हे तिच्या डोक्यात नायच, बोटांत आहे. मग तिनं डोळे मिटले, टेबलावर 'शाळा' टाइप केलं आणि बोट तिथंच धरून ठेवलं. मी तिथलं बटण लिहून घेतलं. असं एकेक अक्षर. कमळ, ऋण, ठराव, ज्ञान, झाड. तीन तास. मध्ये अंगणवाडीतनं पोरगं आणलं, ते आमच्या पायाशी झोपलं.

पाच वाजता तिनं डोळे उघडे ठेवून एक ओळ मारली. बरोब्बर आली. हसून आमचं दोघींचं तोंड एवढं मोठं झालं.

मी आयुष्यात कुठल्या युजरला एवढं विचारलं नव्हतं. युजर कशाला, कोणालाच.

गुरु. १३ नोव्हें.
एक पान बनवलं. फायरफॉक्समध्ये उघडतं, वर उतारा, खाली टाइप करायचं, घड्याळ उलटं पळतं, चुका लाल. उतारे दा.का.नी स्वतःच्या हातानं लिहून दिले, शासकीय भाषेतले. 'उपरोक्त विषयान्वये' वगैरे. माणूस खूश आहे पण दाखवत नाय. वहिनीचा स्पीड आज अठ्ठावीस.

पण ती म्हणाली, "परीक्षेत स्क्रीन असंच दिसेल का गं?"
नाय दिसणार. तिथं तेच, क्लासवालं. बटणं कुठं, घड्याळ कुठं, सगळं वेगळं. म्हटलं, फरक पडत नाय. पडतो. मला माहितेय, पडतो. गेमच्या नवीन मॅपमध्ये टाकल्यावर मी पण पहिले दोन राउंड मरतेच.

तिच्या क्लासच्या सरांना जाऊन भेटले. म्हणाले, पंधरा दिवसांसाठी टाकून देतो, पण अस्सल विंडोजवरच. अस्सल विंडोज ह्या गावात माझ्या ओळखीत एकाच माणसाकडं आहे.

शनि. १५ नोव्हें.
काल फैजान म्हणाला, "तू विंडोज मांगने आई? मेरे पास? रुक, मामू को बुलाता." मामूला खरंच बोलावलं. दोघं हसले. मी हसू दिलं. मग फैजान म्हणाला, सकाळी दहा ते बारा कोई नहीं रहता, भाभी को ले आ, पैसे की बात मत कर.

आज सकाळी सरांनी कॅफेत सॉफ्टवेअर टाकून दिलं, मग वहिनी डोक्यावर पदर घेऊन आली. दारातच थबकली. भिंतीवर बंदुका घेतलेली चित्रं, लाल-निळ्या लाइटा. "सासूबाईंना म्हटलं क्लासला चालले," म्हणाली. "खोटं नाय ना हे?" मी म्हटलं, नाय. मोठ्या खुर्चीत बसली तर पाय खाली टेकेनात. फैजाननं कार्टनचं खोकं पायाखाली सरकवलं. कीबोर्ड मेकॅनिकल. पहिलं बटण दाबलं आणि एकदम हसली. "हे तर टाइपरायटरसारखं वाजतंय."

मग जी सुटली. शेजारच्या मशीनवर मी बसले होते, खेळायला. खेळलेच नाय, ऐकत बसले.

लिहून ठेवते: मी हरले नाय. लिनक्स वाईट म्हणून इथं आलो नाय. परीक्षा घेणाऱ्यांनी एकच दार ठेवलंय म्हणून आलो. राग त्यांच्यावर आहे, तो तसाच राहील. पण माझ्या रागाचं भाडं वहिनीनं का भरायचं.

मंगळ. १८ नोव्हें.
सकाळी कॅफे, दुपारी विहार. कॅफेत एकतीस, विहारात तेहतीस. दा.का. कोणाला न सांगता तीन नंबरवर बसून स्वतःचा स्पीड बघत होते. मी दारातून परत फिरले.

शुक्र. २१ नोव्हें.
परीक्षा. वहिनीला स्कूटीवरून सेंटरला सोडलं, बाहेर पोराला घेऊन बसले. पोरगं माझ्या मोबाइलवर सापाचा गेम खेळलं आणि माझा हायस्कोर मोडला. तीन वर्षांचं.

वहिनी बाहेर आली. चेहरा काही सांगेना.
"झालं वेळेत?"
"बरंचसं. शेवटची दीड ओळ राहिली."
"चुका?"
"एका जागी अडले. 'ज्ञापन' होतं. तुझ्या पानावर 'ज्ञ' जिथं होता तिथंच बोट गेलं. तिथं दुसरंच आलं. मग घाबरले, पुढच्या दोन शब्दांचं माहीत नाय."

'ज्ञ'. त्या दिवशी ते अक्षर मी तिच्या बोटाला विचारलं नव्हतं. 'ज्ञान' तिनं म्हटलं आणि मी म्हटलं, हे मला माहितेय, पुढचं सांग. कॅफेत पण अडखळली असेल. मी विचारलं का?

तिला सांगितलं. तिनं पोराला कडेवर घेतलं, म्हणाली, "चल, ऊन लागतंय त्याला."

रवि. २३ नोव्हें.
बैठक. निकालाला वेळ आहे. दुकानदार परत फोन करतोय, आत्ता देता का नाय. एक जण म्हणाला, देऊन टाकू. दुसरा म्हणाला, पोरं आता भराभर चालू करतात, राहू द्या. दा.का. पेन उघडून बसले. मी उठणार होते, चार मुद्दे लिहून आणलेले. वहिनी आधी बोलली.

"माझा निकाल लागेस्तोवर मशीनांना कोणी हात लावायचा नाय. दुकानदारानं नाय, कमिटीनं नाय." मग माझ्याकडं बघून, "हिनं पण नाय."

दा.का.नी तसंच लिहिलं. सही करायला कागद माझ्यापुढं आला. माझ्या चार मुद्द्यांत एकही असा नव्हता की ह्याच्यावर चालेल. केली सही.

गुरु. २७ नोव्हें.
सातही मशीनला अपडेट आलंय. सुरक्षेचं आहे, टाकायला पाहिजे, पाच मिनिटांचं काम. 'ज्ञ' पण जागेवर आणायचाय. किल्ली माझ्याच खिशात आहे. विंडोज असतं तर कोणाला न विचारता रीस्टार्ट मारून मोकळं झालं असतं.

वहिनीच्या दारात गेले. ती कपडे वाळत घालत होती. म्हटलं, अपडेट करू का. काय बदलेल, किती वेळ लागेल, काय बिघडू शकतं, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, चिमटा दातातनं काढला.

"सांगते," म्हणाली.

दुपारपासून घरात बसलेय. अजून निरोप नाय. क्रोम मात्र मी कोणाच्या बापानं सांगितलं तरी टाकणार नाय.