सूचनावहीतली लाल रेघ

बाई, तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली. सभा गाजवणारा माणूस मी, पण तुमच्यापुढे मला शब्द सुचायचे नाहीत. एकदाच सुचले, आणि नेमके तेच चुकले.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. आटपाडीकडच्या पारधी वस्तीतून येऊन मी सांगलीच्या कॉलेजात मराठी शिकवायला लागलो. तुम्ही विभागप्रमुख. आमच्यातला तिथला मी पहिलाच प्राध्यापक, म्हणून सगळ्यांना हवा होतो: आदिवासींच्या कार्यक्रमाला, वसतिगृहाच्या देखरेखीला, तक्रार समितीवर, पाहुण्यांना हार घालायला. मला ते आवडायचं. माइक हातात आला की मी पेटायचो. प्रबंधाचे कागद मात्र कपाटात पडून होते. मग एका सोमवारी शिपाईमामा समित्यांच्या नेमणुकांची सूचनावही घेऊन येतात, मी सहीला पेन काढतो आणि मामा म्हणतात, "आवं सर, ऱ्हाऊ द्या. तुमचं नाव न्हाई हितं. बाईंनी लाल पेनानं खोडलंय." "चला, वक्ते रिटायर झाले!" कुणीतरी म्हणालं आणि स्टाफरूम हसली. दुपारच्या बैठकीत मी उभा राहिलो. "पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला गावाबाहेर ठेवलंत, आता वहीबाहेर ठेवता?" टाळ्या पडल्या. तुम्ही पदरानं चष्मा पुसत राहिलात. नंतर दारात मला थांबवलंत. "बोललात छान. आता घरी जाऊन तिसरं प्रकरण लिहा. यांना तुम्ही हार घालायला हवे आहात. उद्या पीएच.डी. झाली नाही, तर हेच म्हणतील, कोट्यातला होता."

मला पटलं नाही. आठवड्यानं मामांनीच वही माझ्यासमोर उघडली. माझ्या प्रत्येक खोडलेल्या नावाखाली, बारीक अक्षरात, तुमचं नाव होतं. "सगळं बाईंनी सोताच्या डोक्यावर घेतलंय. गुडघं लय दुखत्यात त्यांचं, तरी वसतिगृहाचा जिना चढत्यात. तुमी लिवा आता." मी लिहिलं. तुम्ही पान न् पान वाचलंत. समासात तुमचा शेरा अजून आहे: 'इथे भाषण आहे. पुरावा कुठे?' पदवी मिळाली, पण त्या बैठकीबद्दल माफी मी कधी मागितली नाही. मागितली असती, तर तिचंही भाषणच झालं असतं.

आज तुमच्या खुर्चीत मी बसतो. काल विभागात एक नवी प्राध्यापिका रुजू झाली, साताऱ्याच्या डोंगरातल्या कातकरी वाडीतली. आपल्या माणसांच्या पाठीशी उभं राहायला हवं, यावर मी अर्धा तास बोललो. नंतर सूचनावहीत समित्यांची सूचना लिहिली. आज वाचली, तर पाच ठिकाणी तिचं नाव, माझ्याच अक्षरात. तिला विचारलंही नव्हतं.

हे पत्र कुठे जाणार नाही, त्याच वहीत राहील. लाल पेन शोधून तिची पाचही नावं खोडली. खाली माझं लिहिलं, चार ठिकाणी. पाचवं वसतिगृहाचं. तिथे हात थांबलाय, बाई. माझेही गुडघे दुखतात.