तिरीप हरवल्याची घोषणा

प्रिय ताई,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे जितकं वाकता येतं तितकंच वाकून). तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींचा खोकला कसा आहे, आणि ते अजूनही आपल्याला खोकला नाहीच असं म्हणतात का? इकडे बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, आई खणखणीत आहे आणि मी नोकरीत आहे. या शेवटच्या गोष्टीची परवापर्यंत खात्री नव्हती, म्हणून पत्राला उशीर झाला.

मुलीचं नाव ठरत नाही असं मी तुला फोनवर म्हणालो होतो. खरं तर ते ठरलेलं आहे, फक्त घरात चालत नाही. हिला मुलीचं नाव ‘तिरीप’ ठेवायचंय. फटीतून आत येते ती उन्हाची तिरीप. ही दिवसभर लोकांच्या घरांचे नकाशे काढते आणि कुठल्या खिडकीतून ऊन कधी येईल यावर गिऱ्हाइकांशी वाद घालते, तेव्हा हा शब्द तिच्या रोजच्या बोलण्यातला. पण कारण तेवढंच नाही. जन्मल्यावर बाळाला इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवलं होतं, ते तुला माहीत आहे. त्या खोलीच्या खिडकीसमोर नुसती भिंत. सकाळी थोडा वेळ मात्र कुठूनशी एक तिरीप यायची आणि पेटीच्या कडेवर पडायची. ती आली की ही म्हणायची, आजचा दिवस निभावेल. ताई, मी तेव्हा फार घाबरलो होतो. नाव कानाला कसं लागतं याचा विचारही न करता मी हो म्हणून टाकलं.

आईने मात्र ऐकताक्षणी नाक मुरडलं. तिरीप फटीतून येते, आपल्या घराला काय भगदाड पडलंय, असा तिचा सवाल. (पडलंय, न्हाणीघराच्या छपराला, पण तो विषय वेगळा.) जन्मभर वर्गात हजेरी घेतल्यामुळे नाव म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे आधी मागच्या बाकावरची टवाळ पोरं येतात. असल्या नावाच्या मुलीला आयुष्यभर अर्थ सांगत बसावं लागतं, असं ती म्हणाली, आणि ते अगदीच खोटं नाही. शेवटी तिने निर्वाणीचं सांगितलं की हे नाव माझ्या तोंडातून निघणार नाही. तेव्हापासून आई मुलीला ‘बाळ’ म्हणते, ही ‘तिरीप’ म्हणते आणि मी दोघींच्या मध्ये उभा राहून ‘अगं ए’ म्हणतो. हिचं जेवण कमी झालं. ते मला बघवेना.

आता माझा धंदा तुला ठाऊकच आहे. बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून दिवसभर गाड्या पुकारायच्या. त्यामुळे माझं असं मत झालंय की नावाची खरी परीक्षा कर्ण्यावर होते. भल्याभल्यांची नावं आमच्या कर्ण्यातून बाहेर पडेपर्यंत चेचली जातात. मंगळवारी दुपारी गर्दी ओसरली, तेव्हा म्हटलं, एकदा म्हणून तर बघू. बाहेरचे कर्णे बंद करायचं बटण मी खाली केलं. (आदल्या दिवशी वायरमनने ते उलटं बसवलं होतं. मला सांगायचं त्याच्या मनात होतं, असं तो नंतर म्हणाला.) पण नुसतं नाव म्हणायचं कसं? मला पूर्ण वाक्याची सवय, आणि लहान मुलांची नावं मी आजवर एकाच वाक्यात घेतली आहेत. तेव्हा घसा खाकरून मी म्हणालो, ‘तिरीप नावाची लहान मुलगी हरवली आहे. कोणास आढळल्यास चौकशी खिडकीशी आणून सोडावी.’ नाव सुरेख वाटलं. म्हणून पुन्हा म्हटलं, या खेपेला जरा काळजीच्या सुरात.

काच जाड असल्याने मला बाहेरचं ऐकू येत नाही, पण दिसतं. सुटलेली गाडी थांबली. कंडक्टर उतरून बाकांखाली वाकून बघायला लागले. फळवाल्याने आपल्या टोपल्या हलवल्या. रखवालदाराला तर इतका चेव आला की त्याने थेट माझ्या खोलीत तीन मुली आणून उभ्या केल्या. त्यातली एकही तिरीप नव्हती, पण सगळ्यांत धाकटी म्हणाली, मी होते तिरीप. मग आमचे साहेब आत आले आणि मुलीचं वर्णन मागू लागले. अंगात काय आहे, बोलते का, पळून कुठल्या बाजूला गेली असेल. मी म्हणालो, ती अजून मानसुद्धा धरत नाही.

आणि नेमकी तेव्हाच आई माझा डबा घेऊन आली. त्या दिवशी ही बाळाला घेऊन डॉक्टरांकडे गेली होती आणि परतीची बस आमच्याच स्थानकात येते, हे आईला माहीत. त्यात फाटकाशी कानावर पडलेली घोषणा पोटच्या पोराच्या आवाजात. साहेबांच्या खांद्यावरून मला ती दिसली. एका पायात चप्पल, काखेत डबा, गाड्यांच्या मधून धावत होती. मी दार उघडलं तसा आवाज आत आला. ‘तिरीप, अगं तिरीप, कुठे आहेस गं?’ मागच्या बाकापर्यंत पोचणारा तिचा तो आवाज, ताई, ज्याला आपण दोघं चळचळा कापायचो. पण त्यात रडू होतं. मी धावत जाऊन तिला धरलं आणि सगळं सांगितलं. तिने आधी मला डब्यासकट एक ठेवून दिली, मग बाकावर बसून रडली. मलाही आवरलं नाही. त्या दुपारच्या गाड्या सगळ्या उशिरा सुटल्या.

साहेबांनी समज देऊन सोडलं. संध्याकाळी मी आईला म्हणालो, शेवटी तुझ्या तोंडून नाव निघालंच की. ती म्हणाली, ‘मी नाव घेतलं नाही. हाक मारली.’ आई पुन्हा ‘बाळ’ म्हणते आहे. हिला मात्र मी सगळी हकीकत सांगितली. ऐकून ती उठली आणि आईच्या पायाला धावताना काचेने खरचटलं होतं त्याला मलम लावायला गेली.

भावोजींना नमस्कार, भाच्यांना गोड पापा.

तुझा धाकटा

ता. क. : खरं काम सांगायचं राहिलं. आई तुझं ऐकते. तिला असं लिही की हे नाव मूळ तुलाच सुचलं होतं, आणि तुझ्या शेजारणीच्या मुलीचंही तेच आहे, तिचं कोणी काही वाकडं केलं नाही. शेजारणीला मुलगी नसली तरी चालेल.

आणखी ता. क. : हे आईला कळू देऊ नकोस. पाकिटावर पत्ता तिच्याकडूनच घालून घेतो आहे, कारण माझं अक्षर पोस्टमनला वाचता येत नाही.

बाई, मी आई लिहिते आहे. पत्ता घालायला द्यायचं तर पाकीट आधी चिकटवावं, एवढी अक्कल याला अजून आलेली नाही. याने लिहिलंय त्यातलं निम्मं मीठमसाला आहे. चप्पल माझ्या दोन्ही पायांत होती. तू खोटंनाटं काही लिहू नकोस, शेजारीण तर मुळीच नको. जमेल तेव्हा चार दिवस येऊन जा. येताना फिकट पिवळी लोकर आण, इथली संपली आणि टोपडं अर्धं राहिलं आहे. आणखी लिहायचं होतं, पण तिरीप उठली.